केळशीचा थर : कोकण किनाऱ्यावरील त्सुनामीची संभाव्यता मोजताना

दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाला, भारजा नदीची खाडी समुद्राला मिळते तिथे, केळशीची वाळूची टेकडी आहे. पुळणीमागे वाळूचे उंचवटे कोकणात ठिकठिकाणी दिसतात. पण गावातल्या कोणत्याही घराच्या माथ्याहून उंच अशी टेकडी सहसा आढळत नाही. रस्त्याच्या आणि खाडीपुलाच्या कामात तिचा काही भाग कापला गेला आणि आतला छेद उघडा पडला. वाऱ्याने रचलेली वाळू बारीक आणि एकसारखी असते, चिमटीत घेतली तर भुरभुर गळते. या छेदात मात्र जाडीभरडी वाळू आणि शिंपले एकत्र कालवलेला एक थर दिसतो. वारा वाळू उडवून आणतो, शिंपले नाही. शिंपले तिथवर यायचे तर पाणीच यावे लागते, आणि तेही जोराने.

२०२१ मध्ये सी. पी. राजेंद्रन, मोहम्मद हैदरजादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थराचा अभ्यास प्रसिद्ध केला. थराचे वय ढोबळमानाने पंधरावे ते सतरावे शतक या टप्प्यात पडते. दुसरीकडे, १५२४ च्या सप्टेंबरात वास्को द गामाचा तांडा दाभोळच्या आसपास असताना वारा नसूनही समुद्र खवळला आणि जहाजे हादरली, असे पोर्तुगीज इतिहासकारांनी नोंदवून ठेवले आहे. या दोन गोष्टींची सांगड घालून संशोधकांनी १५२४ ची ‘अनाथ त्सुनामी’ मांडली. पाणी आल्याचा पुरावा आहे, पण ज्या भूकंपाने ते आले त्याची नोंद नाही, अशा त्सुनामीला अनाथ म्हणतात. हा शब्द जपानमधल्या १७०० सालच्या त्सुनामीमुळे रूढ झाला. तिचे ‘पालक’ पुढे पॅसिफिकच्या पलीकडे, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या भूकंपात सापडले. केळशीच्या लाटेचे पालक अरबी समुद्राच्या उत्तरेला, मकरानमध्ये असावेत, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

प्रस्तुत प्रकरणाचा प्रश्न त्यापुढचा आहे. हाती एक थर आहे, एक जुना उल्लेख आहे आणि १९४५ ची एक बऱ्यापैकी नोंदवलेली त्सुनामी आहे. एवढ्या भांडवलावर केळशी, आडे, अंजर्ले, हर्णै या गावांना ‘पुढच्या ५० वर्षांत तुमच्याकडे धोकादायक त्सुनामी येण्याची शक्यता इतकी’ असे सांगता येईल का, आणि सांगितलेच तर त्या आकड्याचा अर्थ काय घ्यायचा?

उगमाचा हिशेब

इराण आणि पाकिस्तानच्या दक्षिण किनाऱ्यालगत, होर्मुझच्या सामुद्रधुनीपासून कराचीच्या अलीकडेपर्यंत, सुमारे ९०० किलोमीटर लांबीचे मकरान अधोगमन क्षेत्र पसरले आहे. तिथे अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली वर्षाला साधारण २ ते ४ सेंटिमीटर या गतीने सरकतो. पश्चिमेला हा वेग कमी आणि पूर्वेला जास्त आहे. समुद्रतळावर काही ठिकाणी सात किलोमीटर जाडीचा गाळ साचलेला असल्यामुळे या क्षेत्राचे वागणे इतर अधोगमन क्षेत्रांसारखेच असेल असे गृहीत धरता येत नाही. पूर्व भागात १९४५ चा ८.१ महत्तेचा भूकंप झाला. पश्चिम भागात मात्र उपकरणांच्या काळात एकही मोठा भूकंप नाही. ही शांतता दोन परस्परविरुद्ध प्रकारे वाचता येते. एक तर तिथले भूपट्ट ताण न साठवता हळूहळू घसरत असतील, किंवा ते घट्ट अडकलेले असतील आणि ताण साठतच असेल. धोक्याचा अख्खा आकडा या दोन वाचनांवर हेलकावतो.

साधा गुणाकार करून पाहिला तरी प्रश्नाचा आवाका कळतो. ९०० किलोमीटर लांब आणि २०० किलोमीटर रुंद असा सगळा पट्टा एका दमात १० मीटर घसरला, तर भूकंपाची महत्ता ९.१ च्या आसपास येते. वर्षाला सरासरी ३ सेंटिमीटर या गतीने १० मीटरची घसरण साठायला, भूपट्ट पूर्ण अडकलेले असतील तर ३३३ वर्षे लागतात. निम्मेच अडकलेले असतील तर ६६६ वर्षे. या गणिताने असा भूकंप होईल हे सिद्ध होत नाही, पण निसर्गाच्या खात्यात त्याची तरतूद आहे एवढे दिसते. खडकांच्या तापमानावरून कोणता भाग भूकंपक्षम आहे हे ठरवणाऱ्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मकरानची कमाल क्षमता ८.७ ते ९.२ महत्तेची मांडली. १९४५ चा भूकंप त्यापेक्षा पुष्कळच लहान होता. महत्तेचे प्रमाण घातांकी असल्याने ८.१ आणि ९.१ यांतल्या मुक्त ऊर्जेचा फरक सुमारे ३२ पटींचा असतो. त्यामुळे ‘पंचेचाळीसला काय मोठेसे झाले?’ हा कोकणात ऐकू येणारा प्रश्न रास्त असला, तरी त्याचे उत्तर पुढच्या वेळेला लागू पडेलच असे नाही.

१९४५ ची लाट आणि नवमीची भरती

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे, भारतीय प्रमाणवेळेनुसार ३ वाजून २६ मिनिटांनी, बलुचिस्तानातल्या पसनीजवळ समुद्राखाली हा भूकंप झाला. पसनी गाव उद्ध्वस्त झाले. मृतांचा ४,००० हा आकडा अजूनही जिथे तिथे छापला जातो. त्या किनाऱ्यावरच्या वृद्धांच्या आठवणी आणि जुने कागद तपासणाऱ्यांच्या मते खरी संख्या काही शेकड्यांत असावी. मुंबईत लाट सकाळी सव्वाआठच्या सुमारास पोचली. वेसावे, जुहू, दांडा आणि हाजीअली या भागांत होड्यांचे दोर तुटले, माणसे ओढली गेली, आणि सुमारे १५ जण वाहून गेल्याची नोंद आहे. लाटेची उंची दोन मीटरांच्या घरात सांगितली जाते.

या सव्वाआठवर थोडे थांबायला हवे. मुंबईत त्या काळी प्रमाणवेळेच्या जोडीला ‘मुंबई वेळ’ चालत असे, ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि १९५५ पर्यंत टिकली. सव्वाआठ कोणत्या घड्याळातले, यावर लाटेचा प्रवास पावणेपाच तासांचा की साडेपाच तासांचा हे ठरते. संगणकावर लाटेचे प्रारूप चालवून ते जुन्या नोंदीशी ताडणाऱ्याला हा फरक क्षुल्लक नाही, कारण समुद्रतळाच्या खोलीबद्दलची गृहीतके बरोबर आहेत की नाहीत याचा निवाडा तो याच जुळणीवरून करत असतो.

याहून महत्त्वाची बाब तिथीची आहे. त्या वर्षी कार्तिकी अमावास्या ४ डिसेंबरच्या सुमारास होती, म्हणजे २८ नोव्हेंबर हा कार्तिक वद्य अष्टमी-नवमीचा दिवस. कोळ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब लावला तर अष्टमीला सहाच्या आणि नवमीला पावणेसातच्या सुमारास भरती पूर्ण होते. म्हणजे लाट पोचली तेव्हा मुंबईत ओहोटी लागलेली होती, आणि तीही भांगाची. मुंबई बंदरात मध्यम उधाणाची भरती आणि भांगातली अर्धी उतरलेली पातळी यांत दीड-पावणेदोन मीटरचा फरक पडतो. तीच लाट सहा दिवसांनी, अमावास्येच्या उधाणात भर दुपारी आली असती, तर तीच दोन मीटरची लाट पावणेदोन मीटर उंच पायरीवर उभी राहून आत शिरली असती. १९४५ च्या अनुभवावरून धोका मोजणाऱ्या कोणत्याही अभ्यासात भरतीची ही सोडत स्वतंत्रपणे काढावी लागते. एकाच भूकंपासाठी भरतीच्या प्रत्येक अवस्थेत पाणी कुठवर येईल ते पाहायचे, आणि वर्षातला किती वेळ समुद्र त्या अवस्थेत असतो त्या प्रमाणात त्याला वजन द्यायचे. लाटांची मालिका काही तास चालत असेल, तर त्यातली एखादी लाट भरतीच्या माथ्यावर पडण्याची शक्यता आणखी वाढते.

ती मालिका खरोखरच लांबते. कराची आणि मुंबईच्या भरतीमापकांच्या १९४५ च्या नोंदी शिल्लक आहेत. त्यांच्या आधारे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले की लाटेची ऊर्जा समुद्रबूड जमिनीवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, अडकून किनाऱ्याला समांतर मागेपुढे फिरत राहिली. त्यामुळे लाटा रेंगाळल्या आणि सर्वांत मोठी लाट पहिल्या लाटेनंतर बऱ्याच उशिराने आली. उथळ पट्ट्यामुळे वेगही मंदावतो. ३,००० मीटर खोलीवर त्सुनामीचा वेग ताशी ६०० किलोमीटरांहून थोडा जास्त असतो, तर ५० मीटर खोलीवर तो ८० किलोमीटरांवर येतो. मुंबई आणि उत्तर कोकणासमोर समुद्रबूड जमीन रुंद असल्यामुळे लाटेचा बराचसा वेळ याच शेवटच्या उथळ टप्प्यात जातो. कोकणाला मिळणाऱ्या चार-पाच तासांचे श्रेय जितके अंतराला आहे, तितकेच या उथळपणालाही आहे.

आकडा कसा तयार होतो

संभाव्यता-आधारित त्सुनामी धोका मूल्यांकनाची रीत कागदावर सरळ आहे. उगमाचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यावर कोणत्या महत्तेचा भूकंप वर्षाला सरासरी किती वेळा होतो ते ठरवायचे. प्रत्येक भूकंपाची लाट संगणकावर किनाऱ्यापर्यंत चालवायची. आणि शेवटी प्रत्येक ठिकाणासाठी एक वक्र काढायचा, ज्याच्या आडव्या अक्षावर लाटेची उंची आणि उभ्या अक्षावर ती ओलांडली जाण्याची वार्षिक शक्यता असते. हजारो भूकंपांसाठी लाट पार गावातल्या गल्लीपर्यंत चालवणे जड जाते, म्हणून बहुधा ती खोल पाण्यापर्यंतच चालवतात आणि पुढची वाढ ग्रीनच्या नियमाने काढतात. लाटेची उंची खोलीच्या चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढत असल्याने, ३,००० मीटर खोलीवरची अर्ध्या मीटरची लाट १० मीटर खोलीवर दोन मीटरांच्या थोडी वर जाते. हा नियम मोकळ्या, सरळ किनाऱ्यासाठी ठीक आहे. चिंचोळ्या खाडीत आणि भूशिरांच्या आडोशाला तो फसतो, आणि कोकणाचा किनारा तर खाड्यांचाच आहे.

मकरानसाठी अशी मूल्यांकने झाली आहेत. हैदरजादे आणि किज्को यांच्या २०११ च्या अभ्यासात इराण-पाकिस्तानचा दक्षिण किनारा आणि मस्कत येथे ५० वर्षांत ५ मीटरहून उंच लाट येण्याची शक्यता १७.५ टक्के, आणि मध्यम त्सुनामीची ४५ टक्क्यांपर्यंत काढली आहे. माहितीच्या तुटपुंजेपणामुळे हा अभ्यास म्हणजे केवळ सुरुवात समजावी, असे लेखकांनी स्वतःच म्हटले आहे. हा आकडा उचलून कोकणाला लावणे चूक ठरेल. मकरानचा खंदक पूर्व-पश्चिम असल्याने लाटेच्या ऊर्जेचा मुख्य झोत त्याला काटकोनात, म्हणजे दक्षिणेकडे ओमान आणि खुल्या समुद्राच्या दिशेने जातो. आग्नेयेला सुमारे १,२०० किलोमीटर दूर असलेला कोकण त्या झोताच्या बाजूला पडतो. २०१६ मध्ये होचनर आणि सहकाऱ्यांनी तीन लाख वर्षांच्या कृत्रिम भूकंपयाद्या तयार करून पाकिस्तान, इराण आणि ओमानसाठी वक्र काढले. कमाल महत्ता किती धरायची या एका गृहीतकावर उत्तर किती अवलंबून असते, हे त्यांनी प्रामुख्याने तपासले. वारंवार होणाऱ्या लहान घटनांच्या बाबतीत हा वाद फारसा आड येत नाही. हजार-दोन हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या लाटेच्या बाबतीत मात्र सगळे त्यावरच येऊन ठेपते.

आता केळशीकडे येऊ. येथे भूकंपाच्या बाजूने न जाता थराच्या बाजूने जाणारा, बराच कच्चा पण प्रामाणिक हिशेब करता येतो. १५२४ ची घटना खरी मानली आणि केळशीची टेकडी ५०० वर्षांची साक्षीदार धरली, तर ‘थर टाकण्याइतकी मोठी’ त्सुनामी ५०० वर्षांत एकदा आली. घटना एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर पुढच्या ५० वर्षांत अशी एक तरी त्सुनामी येण्याची शक्यता ९.५ टक्के येते. आकडा नेटका आहे, वर्तमानपत्राच्या मथळ्यातही शोभेल. पण एकच घटना पाहून काढलेल्या सरासरीचा पल्ला किती सैल असतो हे त्याच संख्याशास्त्राला विचारले, तर ९५ टक्के विश्वासाने इतकेच म्हणता येते की सरासरी पुनरावृत्ती काल ९० वर्षांपासून जवळजवळ २०,००० वर्षांपर्यंत काहीही असू शकेल, आणि ५० वर्षांतली शक्यता पाव टक्क्यापासून ४३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकेल. साडेनऊ हा त्या पसाऱ्यातला एक ठिपका आहे. माझ्या मते केळशीच्या ग्रामसभेत मांडायची गोष्ट हा पसाराच आहे. तो गाळून नुसता साडेनऊ सांगणे म्हणजे अज्ञानाला दशांशचिन्ह लावणे होय.

या हिशेबात आणखी एक बारीक फसगत आहे. ज्या घटनेमुळे आपले लक्ष गेले, त्याच घटनेपासून घड्याळ चालू केले की वारंवारता आपोआप फुगते. खरे तर घड्याळ तेव्हापासून चालू करायला हवे, जेव्हापासून असा थर पडला असता तर तो टिकला असता आणि आपल्याला सापडला असता. टेकडीचा पाया किती जुना, मधल्या काळात वाऱ्याने किंवा खाडीने किती वाळू खाल्ली, हे कळल्याशिवाय ‘५०० वर्षे’ हा भागाकारातला छेद नीट भरत नाही.

थरावरच्या हरकती

मुळात थर त्सुनामीचाच कशावरून, ही हरकत सर्वांत वजनदार आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याने काय सोसले ते ताजे आहे. माडापोफळीच्या बागा एका दुपारीत झोपल्या. चक्रीवादळाची उधाणलेली लाटही शिंपले आत आणून टाकू शकते. दोहोंत फरक करण्याच्या काही खुणा आहेत. वादळी लाटा तासन्‌तास आपटतात आणि बहुधा किनाऱ्यालगत बारीक बारीक पदरांचा थर रचतात. त्सुनामीचे पाणी मिनिटेच्या मिनिटे एका दिशेने आत वाहत राहते, खोल पाण्यातले सूक्ष्मजीव आणते, तळची जमीन खरवडते आणि थर दूरवर पसरवते. पण या खुणा एकमेकींत मिसळतात, आणि एकाच ठिकाणच्या छेदावरून निर्णायक निवाडा देणे अवघड असते. हैदरजादे आणि राजेंद्रन यांच्या प्रारूपांनी मकरानमधून एवढे पाणी केळशीला येऊ शकते हे दाखवले, तरी येऊ शकते आणि आले यांत अंतर राहते.

पोर्तुगीज नोंदीबद्दलही सावध राहावे लागते. खोल समुद्रात त्सुनामीची लाट शेकडो किलोमीटर लांब आणि हातभर उंच असते, ती जहाजाला जाणवतसुद्धा नाही. जहाजे हादरली असतील तर तो पाण्यातून आलेला भूकंपाचा धक्का असेल, किंवा ती किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात असतील. त्यामुळे ही नोंद ‘त्या सुमाराला काहीतरी घडले’ एवढे सांगते. लाटेच्या उंचीबद्दल ती मुकी आहे. समुद्रसुद्धा आपल्याला पाहून थरथरतो आहे असे सांगून गामाने खलाशांना धीर दिला, ही कथा मात्र तिच्याच आधारावर पाचशे वर्षे टिकली आहे.

मूल्यांकनाच्या भाषेत या हरकतींना ‘तर्कवृक्षा’त जागा मिळते. थर त्सुनामीचा की वादळाचा, उगम पूर्व मकरानचा की सगळ्या मकरानचा, कमाल महत्ता ८.५ की ९.१, अशी प्रत्येक फांदीवर पर्यायांना वजने दिली जातात आणि शेवटी सगळ्या वाटांची बेरीज होते. वजने देणारी माणसे असतात, आणि ती आपापल्या अनुभवाने देतात. मला स्वतःला थर त्सुनामीचा असल्याच्या फांदीला निम्म्याहून थोडे अधिक वजन द्यावेसे वाटते. दुसऱ्या कोणी एकतृतीयांश दिले, तर त्याच्याशी भांडण्याजोगा पुरावा माझ्याकडे नाही.

पसरट आकड्यावर काय ठरवता येते

पाव टक्का ते ४३ टक्के इतका सैल पल्ला पाहून ‘म्हणजे काहीच माहीत नाही’ असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. कोणता निर्णय या आकड्यावर अडून राहतो आणि कोणता राहत नाही, हे आधी वेगळे करायला हवे. हर्णै बंदरात कोणत्या उंचीचा धक्का बांधावा, खाडीकाठी नवे रुग्णालय किंवा शाळा कुठे काढावी, या निर्णयांना आकडा लागतो. अमेरिकेत त्सुनामीप्रवण किनाऱ्यांवरच्या महत्त्वाच्या इमारतींचे आराखडे सुमारे २,४७५ वर्षांच्या पुनरावृत्ती कालावर, म्हणजे ५० वर्षांत २ टक्के शक्यतेवर बेतले जातात. जपानने २०११ नंतर दोन पातळ्या केल्या: शंभर-सव्वाशे वर्षांत येणाऱ्या लाटेला भिंतीने अडवायचे, आणि हजार वर्षांतून येणाऱ्या लाटेसमोर भिंतीवर विसंबायचे नाही, माणसे हलवायची. कोकणासाठी भिंतींचा प्रश्न आज तरी गैरलागू आहे. माणसे हलवण्याचा मात्र नाही, आणि त्यासाठी शक्यता पाव टक्का आहे की वीस टक्के याने काही बिघडत नाही. वाट कुठून जाते आणि ती कोणाला माहीत आहे, एवढ्यावर सगळे अवलंबून असते.

इथे कोकणाची एक खास अडचण आहे. जपानमध्ये मुलांना शिकवतात की जमीन जोरात आणि बराच वेळ हादरली तर कोणाची वाट न पाहता उंचावर पळा. मकरान इथून १,२०० किलोमीटर दूर असल्याने तिथल्या भूकंपाचा हादरा केळशीत जाणवेलच असे नाही. उलट कोकणाला जाणवणारे हादरे बहुधा कोयनेचे असतात, जे जमिनीखालून येतात आणि ज्यांनी समुद्र हलत नाही. म्हणजे अनुभवाने शिकलेला नियम इथे दोन्ही बाजूंनी चुकतो. सूचना बाहेरूनच यावी लागते. ती व्यवस्था आहे: हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातले त्सुनामी पूर्वसूचना केंद्र ऑक्टोबर २००७ पासून काम करते, भूकंपानंतर पहिली सूचना काही मिनिटांत देते, आणि हिंदी महासागरातल्या देशांच्या २०१८ च्या संयुक्त कवायतीत मकरानमधला ९ महत्तेचा काल्पनिक भूकंप हा एक प्रसंग होता. हैदराबादपासून दापोली तहसिलापर्यंत सूचना यायला फार वेळ लागू नये. तिथून पुळणीपर्यंतचा प्रवास ही वेगळी बाब आहे.

हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो तेव्हा हे डोळ्यांसमोर उभे राहते. होड्या उथळ पाण्यात नांगरलेल्या, पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या टोपल्या भरून बाहेर येत असतात, बोली लावणाऱ्यांचा गलका असतो, आणि वाळूवर शेकडो माणसे पर्यटकांसह मिसळलेली असतात. तीच पुळण पहाटे तीनला जवळपास मोकळी असते, पण तेव्हा वस्ती झोपलेली असते. पाच तासांचा अवधी दोन्ही वेळी पुरेसा आहे, कारण कोकणात चढण कुठेही लांब नसते. बहुतेक गावांत सड्यावर जायला अर्धा तास लागतो. खरी भीती उलट प्रकारची आहे. पहिली लाट गुडघाभर येते, लोक ‘एवढेच?’ म्हणून होड्या सोडवायला परत उतरतात, आणि रेंगाळणाऱ्या मालिकेतली मोठी लाट त्यानंतर तास-दोन तासांनी येते. १९४५ ची नोंद लाटांच्या याच वागण्याविषयी सांगते. म्हणून परत उतरण्याची परवानगी पहिल्या लाटेवर किंवा ठराविक तासांवर न सोपवता भरतीमापकाच्या प्रत्यक्ष नोंदीवर आणि येणाऱ्या भरतीच्या वेळेवर ठरवावी, हे या प्रकरणातून निघणारे सर्वांत ठोस मत आहे, आणि त्याला संभाव्यतेचा आकडा लागतच नाही.

केळशीच्या टेकडीबद्दल दुसरे मत. लाटेपासून गावाचा आडोसा आणि लाटेची एकमेव जुनी नोंद, या दोन्ही गोष्टी एकाच वाळूत आहेत. ती वाळू जितकी कापली जाईल तितका आडोसा कमी होतो आणि पुरावाही जातो.

आकडा आवळायचा तर आणखी खोदावे लागेल. गुजरातच्या किनाऱ्यावर १९४५ च्या आणि सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या त्सुनामींच्या खुणा मिळाल्याचे मांडले गेले आहे. ओमानमध्येही हजार वर्षांच्या आसपासच्या मोठ्या लाटेचा पुरावा पुढे आला आहे. कोकणात आडे, अंजर्ले, दाभोळ, जयगड या खाड्यांच्या खाजणांत हजार वर्षांचा चिखल शांतपणे साचलेला असू शकतो, आणि तिथे नळी खाली घालून नमुने काढणे हे टेकडी कापण्यापेक्षा स्वस्त काम आहे. हजार वर्षांच्या नोंदीत दोन थर मिळाले, तर पन्नास वर्षांची शक्यता साडेनऊ टक्क्यांवरच राहते, पण तिचा पल्ला सव्वा ते ३० टक्के इतका आवळतो. हजार वर्षांत १५२४ चा एकच थर मिळाला, तर शक्यता पाच टक्क्यांच्या जरा खाली येते आणि वरची मर्यादा २४ टक्क्यांवर उतरते. आणि केळशीचा थर शेजारच्या एकाही खाडीत सापडला नाही, तर तो वादळाचा असल्याच्या फांदीचे वजन वाढवावे लागेल. त्यासाठी जिथे नळी रिकामी आली, त्या प्रत्येक जागेचीही नोंद ठेवावी लागेल.